कोण की हा? पडद्यावरच्या चेहऱ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

सिनेमा बघताना नट ओळखण्याविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार या पट्ट्यातल्या घरांत एकाच टीव्हीवर मराठी, कन्नड, हिंदी आणि हिंदीत उतरवलेले तेलुगू-तमिळ सिनेमे चालतात. त्यामुळे इथले प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकांपेक्षा थोडे वेगळे आहेत, आणि खरं सांगायचं तर जास्त मजेचे आहेत.

प्रश्न : घरात सगळे मिळून सिनेमा बघतो. चेहरा ओळखीचा वाटला की ‘कोण की हा’ म्हणून सुरू होतं आणि पुढचा प्रसंग सगळ्यांचाच चुकतो. मोबाइलने टीव्हीचा फोटो काढून शोधलं तर तिसराच माणूस निघतो. सोपी पद्धत कोणती? (टिळकवाडी, बेळगाव)

तुम्ही चेहऱ्यापासून सुरुवात करता, गाडी तिथेच अडते. आधी सिनेमा कोणता ते पक्कं करा, मग त्या माणसाच्या पात्राचं नाव धरा, नट सगळ्यात शेवटी. सिनेमाचं नाव कळलं की शोध लाखो चेहऱ्यांवरून पंचवीस-तीस नावांवर येतो. पात्राचं नाव कळलं की एकावर.

टीव्हीवर मधूनच सिनेमा लागला असेल तर सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरचं ‘इन्फो’ बटण दाबा, नाव आणि वेळ येते. पात्राचं नाव संवादात कोणीतरी हाक मारतंच. ती हाक निसटली, तर ॲपवर ‘सीसी’ असं लिहिलेली सबटायटल लावा. ती कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली असतात. बोलणारा पडद्याबाहेर असला की त्याचं नाव कंसात देतात, साध्या सबटायटलमध्ये ते नसतं. एवढं मिळालं की ‘सिनेमा, पात्र, कलाकार’ असे तीन शब्द शोधात टाका. सिनेमा थांबवायचीही गरज नाही.

प्राइम व्हिडिओवर ‘एक्स-रे’ नावाची सोय आहे. टीव्हीवर सिनेमा चालू असताना रिमोटचा वरचा बाण दाबला, किंवा फोनवर पडद्याला बोट लावलं, की त्या प्रसंगातल्या नटांची नावं आणि फोटो बाजूला येतात. माहिती आयएमडीबी या सिनेमांविषयीच्या ऑनलाइन संग्रहातून येते. हा संग्रह १९९८ पासून ॲमेझॉनच्याच मालकीचा आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही सोय सगळ्या सिनेमांना नसते, मराठी आणि कन्नड सिनेमांना तर बऱ्याचदा नसते. आणि ती यादी प्रसंगाची असते, त्या क्षणाची नव्हे. नुकताच दाराबाहेर गेलेला माणूसही यादीत दिसतो आणि गर्दीतला माणूस मात्र सापडत नाही. नेटफ्लिक्सवर प्रसंगानुसार अशी यादी नाही, सिनेमाच्या माहितीच्या पानावर मुख्य नटांची नावं तेवढी असतात.

आता फोटोविषयी. फोनवरच सिनेमा बघत असाल तर स्क्रीनशॉट बहुतेक काळा येतो. फोन बिघडलेला नसतो, नक्कल होऊ नये म्हणून ॲपने चित्र कुलूपबंद केलेलं असतं. टीव्हीचा फोटो काढताना तीन गोष्टी बिघडतात. जवळून काढला की टीव्हीच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी एकमेकांवर पडून चेहऱ्यावर लाटांसारख्या रेषा उमटतात. त्यासाठी सात-आठ फूट मागे या आणि दुप्पट झूम करा. खोलीत अंधार असला तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक होतो. दिवा लावा, फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट टेकवा आणि उजेडाची खूण खाली ओढा. आडवे काळे पट्टे आले तर ते टीव्हीच्या प्रकाशाच्या लुकलुकण्याचे असतात, दोन-तीन फोटो काढले की एक स्वच्छ निघतो.

यानंतर बहुतेक जण चेहरा तेवढा कापून शोधायला देतात. नेमकं उलटं करा. गूगल लेन्ससारखं साधन चेहऱ्यावरून माणसाचं नाव सांगायला बनवलेलं नाही, ते सारखी दिसणारी चित्रं शोधतं. नुसता चेहरा दिला तर तशीच दाढी, तसाच चष्मा असलेला कोणीही निघतो. तुमचा तो तिसरा माणूस इथूनच आला. पूर्ण चौकट द्या: कपडे, मागची भिंत, शेजारचा नट, सगळं. त्यावरून त्या सिनेमाचं पोस्टर किंवा जाहिरातीतलं चित्र जुळण्याची शक्यता खूप वाढते, आणि सिनेमा मिळाला की बाकीचं वर सांगितलंच आहे.

प्रश्न : आम्हाला कन्नड सिनेमे आवडतात. कन्नड बोलायला येतं, वाचायला मात्र अक्षर-अक्षर लावावं लागतं, तोपर्यंत पाटी जाते. श्रेयनामावलीतून नट कसा शोधायचा? (निपाणी)

पाटी थांबवा, हे पहिलं. दुसरं म्हणजे सगळं वाचायचं नाही, ठरावीक सात-आठ शब्द नजरेने ओळखायला शिकायचं. ‘तारागण’, ‘ताराबळग’ किंवा ‘पात्रवर्ग’ दिसलं की पुढे नटांची नावं. ‘मत्तु’ म्हणजे आणि. नटांच्या यादीच्या शेवटी ‘मत्तु’ आलं की त्यानंतरचं नाव बहुतेक ज्येष्ठ किंवा मानाच्या कलाकाराचं असतं. ‘अतिथि नट’ म्हणजे पाहुणा कलाकार. ‘विशेष पात्रदल्ली’ म्हणजे विशेष भूमिकेत.

मराठी माणूस फसतो तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी. कन्नड पाटीवर ‘साहित्य’ म्हणजे गाण्यांचे शब्द, म्हणजे आपला गीतकार. ‘साहस’ म्हणजे मारामारीची दृश्यं बसवणारा. ‘संभाषणे’ म्हणजे संवादलेखन, ‘निर्देशन’ म्हणजे दिग्दर्शन, ‘हिन्नेले गायन’ म्हणजे पार्श्वगायन. आणि एक फार सुंदर शब्द आहे, ‘कंठदान’. नट एक आणि आवाज दुसऱ्याचा असेल तर आवाज देणाऱ्याचं नाव यापुढे येतं. मराठी श्रेयनामावलीने हा शब्द उचलायला काहीच हरकत नाही.

फोनच्या भाषांतराच्या कॅमेऱ्याने पाटी वाचायला गेलात तर एक घोटाळा होतो: तो नावांचंही भाषांतर करून टाकतो. म्हणून भाषांतर न करता पाटीवरचा मजकूर तसाच उचला, म्हणजे लेन्समधून ‘टेक्स्ट’ निवडून कॉपी करा आणि तो कन्नड मजकूरच शोधात चिकटवा. नक्षीदार, वळणदार अक्षरं असली की ही युक्तीही चालत नाही. मग शेवटच्या श्रेयनामावलीकडे जायचं, तिथली अक्षरं साधी असतात.

नावांची रीतही वेगळी आहे. आडनाव शेवटी येईल या अपेक्षेने बघू नका, आद्याक्षरं पुढे असतात. पाटीवर ‘एच. जी. दत्तात्रेय’ असेल, तर सिनेमा बघणारे त्यांना दत्तण्णा म्हणतात. दोन्ही नावांनी शोधा. मोठ्या नटांना बिरुदं असतात आणि पाटीवर बिरुद नावापेक्षा मोठं झळकतं: ‘रिअल स्टार’ उपेंद्र, ‘क्रेझी स्टार’ रविचंद्रन, ‘गोल्डन स्टार’ गणेश, ‘रॉकिंग स्टार’ यश. नुसतं बिरुद टाकून शोधू नका. ‘पॉवर स्टार’ कन्नडमध्ये पुनीत राजकुमार आणि तेलुगूत पवन कल्याण. ‘रिबेल स्टार’ कन्नडमध्ये अंबरीश आणि तेलुगूत कृष्णम राजू. हिंदीत उतरवलेला सिनेमा बघताना हा गोंधळ हमखास होतो.

जुन्या कन्नड सिनेमाचा एक फायदा सांगून ठेवतो. दुसऱ्या भाषेतला सिनेमा कन्नडमध्ये डब करायचा नाही, अशी तिथल्या चित्रसृष्टीत अनेक दशकं अलिखित बंदी होती. त्या अडवणुकीविरुद्ध स्पर्धा आयोगाचा निर्णय २०१५ मध्ये आला. त्याआधीचा सिनेमा कन्नडमध्ये दिसला तर तो बहुतेक मूळ कन्नडच धरून चाला आणि नटही कन्नड सिनेमाच्या यादीतच शोधा. गोष्ट ओळखीची वाटली तर तो रिमेक असेल. गोष्टीवरून नट शोधायला गेलात तर भलत्याच भाषेतला नट हाती लागेल.

प्रश्न : यूट्यूबवर जुने मराठी सिनेमे बघतो. सुरुवातीच्या पाट्या कापलेल्या असतात आणि ओळखीचे नटसुद्धा सुजल्यासारखे, रुंद दिसतात. वडील म्हणतात हा तो नव्हेच. (खानापूर)

वडिलांची चूक नाही, चूक टीव्हीची आहे. जुने सिनेमे साधारण चारास तीन या मापात चित्रित झालेले असतात आणि आजचा टीव्ही सोळास नऊ. टीव्हीने चित्र ताणून पूर्ण पडदा भरला की प्रत्येक चेहरा एक-तृतीयांशाने रुंद होतो. सडपातळ माणूस गुबगुबीत दिसतो, उभट चेहरा गोल होतो, डोळ्यांमधलं अंतर वाढतं. चेहरा ओळखताना आपला मेंदू नेमकी हीच प्रमाणं वापरतो.

रिमोटवर ‘पिक्चर साइझ’, ‘ॲस्पेक्ट’ किंवा ‘झूम’ असं बटण शोधा आणि ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले म्हणजे काम झालं. पट्टे बघून ‘पडदा वाया जातो’ म्हणून घरातलं कोणीतरी परत ताणतंच, तिकडे लक्ष ठेवा. तपासायला पडद्यावर एखादी गोल वस्तू शोधा: बैलगाडीचं चाक, घड्याळ, परात. ती लंबगोल दिसली तर चित्र अजून ताणलेलंच आहे. कधीकधी व्हिडिओ चढवणाऱ्यानेच चित्र ताणून चढवलेलं असतं, तिथे टीव्हीचं बटण काही करू शकत नाही. त्याच सिनेमाची दुसऱ्याने चढवलेली प्रत शोधावी लागते. पाट्या कापलेल्या असल्या तरी उपाय हाच. एकाने सुरुवात कापली, तर दुसऱ्याने शेवट कापलेला असतो. दोन प्रतींत मिळून बहुतेक वेळा सिनेमा पुरा होतो.

व्हिडिओखाली लिहिलेल्या नटांच्या यादीवर विसंबू नका. ती एका सिनेमाखालून दुसऱ्याखाली जशीच्या तशी चिकटवलेली सापडते. सिनेमाचं नावच कळत नसेल तर त्यातलं गाणं धरा. गूगलच्या ॲपमध्ये माइक दाबून ‘सर्च अ साँग’ निवडा आणि दहा-पंधरा सेकंद चाल गुणगुणा. शब्द आठवत नसले तरी चालतं. गाण्यावरून सिनेमा, सिनेमावरून नट.

पाटी थांबवून वाचायची असेल तर आधी व्हिडिओचा दर्जा (क्वालिटी) वाढवा, ७२० किंवा १०८०. कमी दर्जात वर सरकणारी अक्षरं विरघळतात. संगणकावर यूट्यूब थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे जातं, स्वल्पविरामाने मागे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ची कळ एकेक चौकट पुढे नेते. फोनवर ही सोय नाही, तिथे वेग ०.२५ करा.

अगदी जुन्या काळात शिरलात तर नावावरून नट आणि नटी यांचाही भरवसा नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. भाषेवरून गावाचा अंदाज करायलाही जाऊ नका. कन्नडमधला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ (१९३४) चित्रित झाला तो कोल्हापुरात. त्या काळातल्या कन्नड सिनेमात मागे ओळखीचा वाडा दिसला तर दचकायचं कारण नाही.

प्रश्न : ‘नटरंग’मधल्या सोनाली कुलकर्णीनेच ‘देवराई’ केला ना? घरात पैज लागली आहे. (चिकोडी)

नाही. दोघी वेगळ्या. ‘देवराई’ (२००४) मधली सोनाली कुलकर्णी ही थोरली. गिरीश कार्नाडांच्या ‘चेलुवी’पासून (१९९२) ती पडद्यावर आहे, ‘दोघी’ आणि ‘दिल चाहता है’मध्ये तीच. ‘नटरंग’ (२०१०) मधली अप्सरा ही धाकटी. देवनागरीत दोघींचं नाव अक्षरशः सारखं. रोमन लिपीत थोरली ‘सोनाली’च्या शेवटी एक ‘आय’ लावते, धाकटी दोन ‘ई’. इंग्रजी श्रेयनामावलीत पहिल्या नावाची शेवटची अक्षरं बघितली की पैज मिटते.

तुमच्या पैजेत आणखी एक फास आहे. एकाच नावाच्या दोन नट्या वेगळ्या करायच्या असल्या की आपण ‘अमुक हिरोबरोबर होती ती’ असं म्हणतो. इथे ते चालत नाही, कारण दोन्ही सिनेमांचा नायक एकच, अतुल कुलकर्णी. त्यांचा जन्म बेळगावचा, हे तुमच्या पैजेत कोणाच्या कामी आलं तर बघा. ‘आ दिनगळु’ या २००७ च्या कन्नड सिनेमातही ते आहेत.

जयश्रींचं प्रकरण याहून मोठं. व्ही. शांताराम यांच्या पत्नी जयश्री, म्हणजे ‘शकुंतला’ची (१९४३) नायिका. जयश्री गडकर, म्हणजे ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि पुढे दूरदर्शनच्या ‘रामायण’मधली कौसल्या. या मूळच्या कारवारकडच्या. जयश्री टी. नृत्यासाठी प्रसिद्ध. आणि कन्नड रंगभूमीच्या बी. जयश्री. अशा नावांना सिनेमाचं वर्ष जोडून शोधा. १९४३ आणि १९५९ मध्ये तीच नायिका असणं अवघड असतं, एवढ्यावरच अर्धे घोळ सुटतात.

प्रश्न : दक्षिणेकडचा हिंदीत डब केलेला सिनेमा लागतो. आवाज ओळखीचा, चेहरा अनोळखी. शिवाय सिनेमाचं हिंदी नाव शोधलं तर भलतंच येतं. (संकेश्वर)

ओळखीचा वाटणारा आवाज मराठी माणसाचाच असण्याची शक्यता चांगली आहे. ‘बाहुबली’च्या हिंदीत प्रभासला आवाज शरद केळकरांचा. ‘पुष्पा’च्या (२०२१) हिंदीत अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेंचा, तर ‘केजीएफ’च्या हिंदीत यशला सचिन गोळेंचा. एका नटाला दर सिनेमात तोच आवाज असेल असंही नाही. म्हणून आवाजावरून चेहऱ्याकडे जायचा प्रयत्न सोडून द्या, तो रस्ता बंद आहे.

आवाज देणाऱ्यांची नावं हवी असतील तर सिनेमा त्याच भाषेत लावून अगदी शेवटपर्यंत जाऊ द्या. मूळ श्रेयनामावली संपल्यावर डबिंगची वेगळी पाटी येते, नेटफ्लिक्सवर तर ती बऱ्याचदा असते. अडचण अशी की नावं सुरू झाली की ॲप पडदा लहान करून पुढचं काहीतरी लावायला धावतं. तेव्हा ‘वॉच क्रेडिट्स’ दाबा, किंवा प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये आपोआप पुढचं लागणं बंद करून टाका.

हिंदी नाव भलतंच असतं, कारण ते बाजारासाठी नव्याने ठेवलेलं असतं. ‘मेरी जंग : वन मॅन आर्मी’ म्हणजे नागार्जुनचा तेलुगू ‘मास’ (२००४). ‘डेंजरस खिलाडी’ म्हणजे अल्लू अर्जुनचा ‘जुलायी’ (२०१२). हिंदी नावापुढे ‘मूळ नाव’ असं जोडून शोधा. सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र कापलेलं नसेल तर तिथे थांबवा. त्यावर भाषा आणि डब केलेला असल्यास तसा उल्लेख असतो, निर्मात्याचं नावही असतं.

दक्षिणेकडच्या सिनेमात आपला माणूस दिसला तर डोळे चोळू नका. सयाजी शिंदे, सचिन खेडेकर तिकडे नेहमी असतात. उलटही होतं: ‘उंबरठा’मध्ये (१९८२) स्मिता पाटीलच्या नवऱ्याच्या भूमिकेत गिरीश कार्नाड आहेत. तोच सिनेमा ‘सुबह’ नावाने हिंदीतही झाला. त्यामुळे ‘हे मी हिंदीत बघितलंय’ असं कोणी म्हणालं तर त्याला लगेच खोटं पाडू नका.

प्रश्न : सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे. हल्ली नायकाने कपडे बदलले की ‘हा नवीन कोण’ म्हणून विचारतात. वय झालं म्हणून सोडून द्यावं का? (कारवार)

नाही, आधी तपासा. सगळ्यात साधी कारणं आधी. बसायचं अंतर मोजा. त्रेचाळीस इंची टीव्हीला पाच-सहा फूट पुरे होतात, आपल्याकडे खुर्ची भिंतीला टेकलेली असते आणि अंतर बारा फूट भरतं. टीव्ही ‘सिनेमा’ मोडवर असेल तर काळोखातले प्रसंग त्यांना दिसतच नसतील, ‘स्टँडर्ड’ करून उजेड वाढवा. सबटायटल लावली असतील तर नजर खालच्या ओळीतच अडकते आणि चेहऱ्याकडे जातच नाही. यातलं काही नसेल तर डोळ्यांचे डॉक्टर: मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर.

मग घरीच एक गोष्ट करून बघा. नायकाचा जवळून घेतलेला चेहरा दिसेल तिथे सिनेमा थांबवा आणि त्यांना टीव्हीजवळ बसवून विचारा. ओळखला तर अडचण नजरेची किंवा अंतराची. स्पष्ट दिसूनही ओळखला नाही, पण आवाज सुरू करताच नाव सांगितलं, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं. घरातल्या माणसांना ओळखताना गडबड होते का, तेही डॉक्टरांना सांगा. हे सगळं एकाएकी सुरू झालं असेल, बरोबर बोलणं अडखळत असेल किंवा एक बाजू लुळी वाटत असेल, तर वाट न बघता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

काही माणसांना जन्मापासूनच चेहरे लक्षात राहत नाहीत. याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात आणि हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. अशी माणसं चाल, आवाज, केस यांवरून ओळखतात, म्हणून नायकाने मिशी काढली की त्यांचा सिनेमाच तुटतो. त्यांच्यासाठी सिनेमा सुरू होण्याआधी नट आणि पात्रांची फोटोसह यादी समोर ठेवणं हा चांगला उपाय. कोरियन किंवा इंग्रजी सिनेमात सगळे सारखेच दिसतात ही मात्र वेगळी गोष्ट. ज्या वळणाचे चेहरे आपण लहानपणापासून कमी बघितले, ते वेगळे करायला आपल्या सगळ्यांनाच जड जातं. चार-पाच भाग बघितले की सवय होते.

प्रश्न : थिएटरमध्ये पडद्याचा फोटो काढून नट शोधला तर चालतं का? (शहापूर, बेळगाव)

फोन खिशातच राहू द्या. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने थिएटरमध्ये सिनेमाची चोरटी प्रत करण्यासाठी रेकॉर्डिंग करणं गुन्हा ठरवलं आहे. शिक्षा तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड किमान तीन लाख. तुमचा हेतू तो नसेलही, पण ते अंधारात दरवानाला समजावत बसण्यात मध्यंतर जाईल. घड्याळ बघा, सिनेमा सुरू होऊन किती मिनिटं झाली तेवढं तिकिटाच्या मागे लिहा, प्रसंगाचे दोन शब्द लिहा. शेवटच्या पाट्या संपेपर्यंत बसा. उठलेल्या लोकांच्या डोक्यांमधून वाचावं लागेल, पण तिकीट त्याचंही घेतलेलं असतं.

प्रश्न : फोनमधल्या एआयला विचारलं तर त्याने ठामपणे एक नाव सांगितलं. तो नट त्या सिनेमात नव्हताच! (अथणी)

अशी साधनं फोटोवरून माणसाचं नाव सांगायला बऱ्याचदा नकार देतात, आणि वर्णनावरून सांगतात तेव्हा माहीत नसलं तरी जुळेलसं नाव ठोकून देतात. मराठी-कन्नड सिनेमांविषयी तर जास्तच. त्याने दिलेलं नाव हा अंदाज समजा, सिनेमाच्या यादीत ते नाव आहे का बघा. नसेल तर परत त्यालाच विचारू नका, तो माफी मागून दुसरं चुकीचं नाव देतो.

प्रश्न : एकच वाक्य बोलणारा हवालदार, चहावाला, शेजारची मावशी. अशांची नावं कुठे मिळतात? चेहरा मालिकेत शंभरदा बघितलेला असतो. (येळ्ळूर)

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि खरे शौकीन इथेच कळतात. छोट्या भूमिकांची नावं सुरुवातीला नसतात, शेवटी असतात. शेवटच्या यादीवर ‘पडद्यावर येण्याच्या क्रमाने’ असं लिहिलेलं असेल तर तुमचं नशीब. ओळखीचे दोन नट खुणेला धरा. समजा एकाचं नाव यादीत चौथं आणि दुसऱ्याचं सातवं आहे, आणि तुमचा हवालदार त्या दोघांच्या मध्ये पहिल्यांदा दिसला. मग त्याचं नाव पाचवं किंवा सहावं. ती दोन नावं आणि ‘मराठी मालिका’ असं टाकून चित्रं शोधा, लगेच कळतं. फक्त पहिल्यांदा कधी दिसला ते नीट बघा. सुरुवातीच्या गर्दीत एक क्षण दिसून गेलेला असेल तर क्रम चुकतो.

क्रम नसेल आणि नुसता नावांचा ढीग असेल, तर आयएमडीबीवर दोन याद्यांची युक्ती करा. तो चेहरा ज्या दुसऱ्या सिनेमात बघितल्याचं आठवतं, त्याची नटांची यादी उघडा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. दोन्हीकडे असलेलं अनोळखी नाव बहुतेक तुमचा माणूस. तिसरा सिनेमा आठवला तर खात्रीच. ‘अनक्रेडिटेड’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचं नाव सिनेमाच्या पाटीवर नाही, कोणीतरी मागाहून भरलं आहे. ही माहिती वाचकच भरतात, त्यामुळे चुका असतात आणि मराठी सिनेमांच्या याद्या बऱ्याचदा पहिल्या दहा-बारा नावांवर थांबतात.

चेहरा ताडताना केस, मिशी, भुवया, वजन सोडून द्या, रंगभूषाकार तेवढंच बदलतो. कान बघा. कानाची पाळी चिकटलेली की सुटी, वरची कड कशी वळते, हे वीस वर्षांनीही फारसं बदलत नाही आणि रंगभूषेत क्वचितच कोणी कानाला हात लावतं. लहानपणी काम केलेल्या नटांनाही हेच लागू. ‘उत्तर रामायण’मधला कुश आणि आजचा स्वप्नील जोशी शेजारी ठेवून बघा.

कोल्हापूर परिसरात चित्रीकरण झालेल्या मालिका-सिनेमांत अशा भूमिका बऱ्याचदा त्याच भागातले नाटकवाले करतात. नाव नेटवर मिळालं नाही तर राज्य नाट्य स्पर्धेच्या बातम्यांतले फोटो चाळा. तुमचा हवालदार तिथे छत्रपती शिवाजी झालेला सापडण्याची शक्यता बरीच आहे, दाढीसह. म्हणून परत सांगतो, कान बघा.